बघितलंस की ऐकलंस?

भारतीय खलाशांच्या तोंडी चीफ इंजिनिअर म्हणजे ‘बडा साब’. त्याच्या खाली सेकंड साब, मग तीन साब, चार साब, आणि विजेचं खातं सांभाळणारा तो बत्ती साब. मी चार साब होतो तेव्हा प्युरिफायर, टाक्या आणि बंकर माझ्या वाट्याला असत. म्हणजे जहाजावर जे जे काळं आणि चिकट, ते सगळं माझं. त्यामुळे बडा साब हा प्राणी मला फार जवळून बघायला मिळाला. त्यातल्या काहींना कंट्रोल रूमच्या काचेआडून इंजिन चालवायला आवडतं, काहींना केबिनमधल्या कॉम्प्युटरवरून. त्यांच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. आपला बडा साब तेलवाला.

तो हातांवरून ओळखावा. नखांच्या कडेला काळी रेघ, जी कुठल्याही साबणाने जात नाही. बोलताना अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासायची सवय. समोर कुठलाही द्रव पदार्थ आला की आधी तो उजेडासमोर धरायचा, मग वास घ्यायचा, मग विचार करायचा. भंडाऱ्याने, म्हणजे जहाजावरच्या स्वयंपाक्याने, आणलेला चहासुद्धा यातून सुटत नाही. बॉयलर सूटच्या एका खिशात टॉर्च, दुसऱ्यात चिंधी, छातीच्या खिशात टिपकागदाचे कापलेले चौकोन. चालता चालता प्लेटवर तेलाचा थेंब दिसला की हा गृहस्थ स्वतः वाकतो आणि पुसतो. कुणाला काही बोलत नाही. चिंधी घडी करून खिशात ठेवतो आणि पुढे जातो. त्या न बोलण्याने ज्याची वॉच असेल त्याचं दोन दिवस जेवण गोड लागत नाही.

बोलतो तेव्हा मात्र त्याच्याकडे एकच प्रश्न असतो.

“साब, सेटलिंग टँकमध्ये पाणी नाही.”

“बघितलंस की ऐकलंस?”

बघितलंस म्हणजे ड्रेन कॉक उघडून, टॉर्च मारून, तेलाची धार स्वच्छ होईपर्यंत स्वतः उभा होतास का? की मोटरमनने सांगितलं आणि तू वर येऊन मला सांगितलंस? रत्नागिरीकडचे आमचे मोटरमन चाचा तर हा प्रश्न हिंदीतून इतकी वर्षं ऐकत आले होते, की ते वर येताना उत्तर पहिल्यांदा सांगायचे, “देखा है साब, सुना नहीं,” आणि बातमी नंतर.

या माणसाला खऱ्या रंगात बघायचं तर बंकरच्या दिवशी. बंकर म्हणजे जहाजाचं इंधन. मोठ्या जहाजाला एका वेळी हजार-दीड हजार टन सहज लागतं, आणि ते घेऊन बार्ज शेजारी लागते. बडे साब आदल्या रात्री झोपत नाहीत. पहाटे डेकवर फिरून एकेका स्कपरची, म्हणजे पाणी वाहून जायच्या भोकांची, बुचं हाताने हलवून बघतात, कारण पाइपातून तेल सांडलं तर ते डेकवर अडलं पाहिजे, समुद्रात जाता कामा नये. मॅनिफोल्डखालच्या सांडलेलं झेलणाऱ्या सेव्ह-ऑलचा प्लग, भुशाची पोती, फावडी, सगळं जागेवर. मास्टवर लाल ब्राव्हो झेंडा चढला का? बघितलंस की ऐकलंस? मान वर करून दाखवली तरी ते स्वतः बघायचेच.

मग बार्जवर जायचं. तिथे बार्जचा माणूस हसतमुख असतो. हसतमुख माणूस हे आमच्या बडे साबांच्या मते धोक्याचं पहिलं लक्षण. तो म्हणतो, “चीफ, आधी चहा.” बडे साब म्हणतात, “आधी साउंडिंग.” बार्जच्या प्रत्येक टाकीत टेप सोडायची, रिकाम्या म्हणून सांगितलेल्या टाकीतही. तापमान आपल्या थर्मामीटरने घ्यायचं. तेल गरम झालं की फुगतं. खरं तापमान लपवून कमी सांगितलं की कागदावर तेच तेल टनांनी वाढतं. बार्जवाला अडतीस म्हणाला आणि बडे साबांच्या थर्मामीटरने सेहेचाळीस दाखवले, तर ते भांडत नाहीत. चष्मा पुसतात. ‘सेहेचाळीस’ असं मोठ्याने म्हणत वहीत लिहितात आणि वही त्याच्यासमोर सहीसाठी धरतात.

सगळ्यात आवडती गोष्ट ‘कॅपुचिनो’ची. काही बार्जवाले तेलात दाबाची हवा सोडतात. तेल फेसाळतं, टेपवर पातळी वर दिसते, आणि फेस बसेपर्यंत बार्ज निघून गेलेली असते. जहाजाच्या भाषेत हा कॅपुचिनो बंकर. सिंगापूरने २०१७ पासून बार्जवर मास फ्लो मीटर सक्तीचा केला, त्यामागे असल्याच चलाख्या होत्या. आमचे साब मीटरवरही विश्वास ठेवत नसत. एका बंदरात ते बंकर होजला कान लावून पाच मिनिटं वाकून उभे होते. मला वाटलं कंबर धरली. उठले आणि म्हणाले, “गुळण्या करतंय.” टेप बाहेर काढली तर तिच्यावर बारीक बुडबुडे. त्या दिवशी लेटर ऑफ प्रोटेस्ट लिहिताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते मी त्यांच्या बढतीच्या पत्राच्या वेळीही पाहिलं नाही.

आणि नमुना! मॅनिफोल्डला एक छोटा सँपलर लावतात. बंकर चालू असेपर्यंत, पहिल्या टनापासून शेवटच्या टनापर्यंत, त्यातून थेंब थेंब तेल एका डब्यात पडत राहतं. आठ तास बंकर चालला तर आठ तास. त्या थेंबाखाली चार साबाला उलट्या बादलीवर बसवलेलं असतं. जेवायला जायचं तर बदली माणूस येऊन बसल्यावर. मी एकदा म्हटलं, “साब, थेंब काय कुठे पळून जातोय?” ते म्हणाले, “थेंब नाही पळत. डबा बदलतो.” शेवटी डबा हलवून ढवळून त्यातून बाटल्या भरायच्या, सील लावायचं, सीलचे नंबर बंकर डिलिव्हरी नोटवर लिहायचे. एक बार्जला, एक आपल्याला, एक प्रयोगशाळेला, आणि एक मारपोलची, म्हणजे समुद्र-प्रदूषणाच्या नियमांसाठीची. ती कमीत कमी ४०० मिलिलिटरची आणि बारा महिने तरी जपायची. डिलिव्हरी नोट तीन वर्षं. या बाटल्या राहत्या भागात ठेवायच्या नाहीत असा दंडक आहे. त्यांची वेगळी कपाटं, कुलूप, किल्ली बडे साबांच्या गळ्यात. जानव्याशेजारी.

बाटली कुरिअरने गेली की पुढचे दिवस अवघड. रिपोर्ट येईपर्यंत नवं तेल जाळायचं नाही. ‘रिपोर्ट आला का?’ हे रेडिओ ऑफिसरच्या काळातही विचारत असणार, आणि इमेल आल्यावर तर विचारण्यावरचं शेवटचं बंधनही गेलं. रिपोर्ट आला की बडे साब तो जेवणाच्या टेबलावर वाचतात. घनता, पाणी, फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला तेलाची वाफ ठिणगीने पेटते. साठ अंशांच्या खाली फ्लॅश पॉइंट असलेलं इंधन मुख्य इंजिनासाठी घ्यायचंच नाही, हा सोलासचा, म्हणजे जहाज-सुरक्षा कराराचा नियम. मग त्यांचं बोट ॲल्युमिनिअम-सिलिकॉनच्या ओळीवर थांबतं. रिफायनरीत तेल फोडताना जो कॅटॅलिस्ट वापरतात त्याचे कण मागे राहतात, त्यांना कॅट फाइन्स म्हणतात. किलोला ६० मिलिग्रॅमपर्यंत चालतात असं मानक सांगतं, पण इंजिनापर्यंत जाताना ते खूपच कमी झालेले असावे लागतात. कण इतके कठीण की लायनर आणि पिस्टन रिंगा खरवडून काढतील. आकडा चाळिसाच्या पुढे गेला की बडे साब ताटातला भात बाजूला सारतात. “रेती पाठवलीय.” मग दोन्ही प्युरिफायर एकदम चालू, तेल अठ्ठ्याण्णव अंशांवर, प्रवाह मंद, आणि चार साबाचा मुक्काम प्युरिफायर रूममध्ये.

असल्या संशयाला वेड म्हणावं, तर इतिहास त्यांच्या बाजूने उभा राहतो. २०१८ मध्ये ह्यूस्टनकडच्या बंकरने कितीतरी जहाजांचे फ्युएल पंप चिकटवले. २०२२ मध्ये सिंगापूरला क्लोरिनचं रसायन मिसळलेलं इंधन सुमारे दोनशे जहाजांना गेलं आणि ऐंशीच्या आसपास जहाजांनी बिघाड कळवले. यातली गंमत म्हणजे (गंमत आमच्या साबांना वाटे, मला नाही) ती भेसळ नेहमीच्या चाचण्यांत सापडण्यासारखी नव्हतीच. “म्हणजे रिपोर्टसुद्धा ऐकलेलाच,” ते म्हणाले. त्यानंतर ते प्रयोगशाळेवरही संशय घेऊ लागले.

१ जानेवारी २०२० ला गंधकाची मर्यादा साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आली, तेव्हा बडे साबांना जणू नवा जन्म मिळाला. नवी तेलं नाना तऱ्हांनी मिसळून बनवलेली. दोन बंदरांतली दोन चांगली तेलं एका टाकीत आली की डांबरासारखा गाळ सोडून देत आणि फिल्टर गच्च होत. म्हणून मिसळायच्या आधी चाचणी करायची. दोन्ही तेलं सारखी घ्यायची, एकत्र गरम करायची, थेंब कागदावर टाकून वाळवायचा. डाग एकसारखा पसरला तर जमलं. आत गडद वर्तुळ उठलं तर नाही. ही सरळसरळ पत्रिका जुळवणं आहे, आणि साबही ती तशाच गांभीर्याने जुळवत. कागद खिडकीशी धरायचे, भिंग लावायचे, “मंगळ आहे” म्हणून फाइलला लावायचे. स्वतःच्या मुलीच्या लग्नात त्यांनी पत्रिका पाहिली नव्हती. जावयाबद्दल एवढंच विचारलं होतं की गाडीचं ऑइल वेळेवर बदलतो का.

वंगणाच्या तेलावर त्यांचा जीव इंधनाहून जास्त. इंधन जळून जाणार, वंगण मात्र घरचं माणूस. नमुना नेहमी त्याच कॉकमधून, इंजिन चालू असताना, आधी थोडं तेल सोडून देऊन मग घ्यायचा. बाटली बुडाकडून उजेडात. वास. दोन बोटांत चोळणं. मग तापलेल्या पत्र्यावर एक थेंब. तडतडला तर पाणी. ही तडतड ऐकायला ते डोळे मिटून घेत. कंपनीने दिलेली चाचणीची पेटी होती. तिच्यात नमुना आणि रसायन टाकून झाकण लावलं की पाण्याशी क्रिया होऊन वायू सुटतो, काटा चढतो आणि टक्केवारी कळते. ते ती वापरत, नोंद करत, पण पत्र्यावरचा थेंब सोडत नसत. “पेटी सांगते किती आहे. थेंब सांगतो आहे की नाही.” सिलिंडर ऑइलच्या हिशेबात तर मारवाडी लाजेल. जास्त दिलं तर पिस्टनवर राख साचते आणि कंपनी ओरडते, कमी दिलं तर गंधकाचं आम्ल लायनर खातं आणि लायनर ओरडतो. “कंपनीचं ओरडणं इमेलवर येतं,” ते म्हणत, “बंद करता येतं.”

नवीन आलेल्या प्रत्येक पोराला ते ‘रेना डेल पॅसिफिको’ची गोष्ट सांगत. ब्रिटिश प्रवासी जहाज, सप्टेंबर १९४७, दुरुस्तीनंतर बेलफास्टजवळ समुद्रात चाचणी चालली होती. क्रँककेसमध्ये स्फोट झाला आणि २८ माणसं गेली. एखादं बेअरिंग तापतं, त्यावर उडालेल्या तेलाची वाफ होते, वाफ गार होऊन तेलाचं धुकं होतं, आणि त्या धुक्याला तीच तापलेली जागा काडी लावते. गोष्ट सांगताना त्यांचा आवाज चढत नसे. शेवटी एकच कलम: ऑइल मिस्टचा अलार्म आला तर वेग कमी करा, इंजिन थांबवा, क्रँककेसच्या दारांपासून लांब व्हा, आणि निदान अर्धा तास दार उघडू नका. गरम धुक्याला ताजी हवा मिळाली की दुसरा स्फोट पहिल्यापेक्षा मोठा.

हिंदी महासागरात एकदा मध्यरात्री तो अलार्म आलाच. बडे साब लुंगीवर बॉयलर सूट चढवून खाली आले. इंजिन थांबलं. आम्ही सगळे कंट्रोल रूममध्ये. वरून कॅप्टनचा फोन. जहाज तरंगत होतं, वेळापत्रक बुडत होतं. “आणखी किती वेळ, चीफ?” “अर्धा तास. घड्याळ तुमच्याकडेही आहे.” अर्धा तास झाला. सेकंड साब उठले तर म्हणाले, “आणखी दहा मिनिटं. घड्याळ पुढे असेल.” शेवटी दारं उघडली. एकेक बेअरिंग हाताने चाचपलं. सगळी गार. डिटेक्टरची काच मळली होती, इतकंच. तीन साब तोंड फिरवून हसला. बडे साबांनी काच स्वतः पुसली, लॉगबुकात तीन ओळी लिहिल्या, आणि पहाटे चारला भंडाऱ्याला उठवून सगळ्यांना कांदापोहे खाऊ घातले. मला ते पोहे आजही त्या अलार्मपेक्षा जास्त आठवतात.

आगीबद्दलची त्यांची शिकवण तेवढीच कोरडी. इंजिनरूममधल्या बऱ्याच आगींचं मूळ म्हणजे फवारा होऊन उडालेलं तेल आणि तापलेला उघडा पत्रा. २२० अंशांच्या वर तापणारी जागा झाकलेली हवी, हा नियम पाठ असूनही ते दर रविवारी लॅगिंगचं फाटलेलं टोक शोधत फिरत. तेलकट चिंध्या डब्यात, डब्याला झाकण, झाकण बंद. बघितलंस की ऐकलंस?

आता ते निवृत्त होऊन ठाण्यात असतात. समुद्र सुटला, तेल सुटलं नाही. घाण्यावरून शेंगदाण्याचं तेल येतं, तेव्हा एका छोट्या बाटलीत नमुना निघतो. लेबलवर तारीख, दुकान, लिटर, आणि दोन सह्या. वाण्याने पहिल्यांदा सही केली ती घाबरून, आता तो पेन काढूनच उभा असतो. बाटल्या बारा महिने राहतात, तेही बाल्कनीत, कारण राहत्या भागात ठेवायच्या नाहीत. वहिनी म्हणतात, “माझ्या लोणच्याला या घरात एवढा मान नाही.” थंडीत खोबरेल तेल गोठलं की नातवाला ‘पोअर पॉइंट’ शिकवला जातो. दिवाळीत चकली कढईत पडली आणि तेल तडतडलं की आतल्या खोलीतून आवाज येतो, “पाणी आहे!” वहिनी म्हणतात, “पिठात आहे. ते असतंच.” मग ते येऊन कढईशेजारी तिच्या मापाचं झाकण ठेवून जातात. तेलाने पेट घेतला तर पाणी ओतायचं नाही, झाकण घालायचं आणि गॅस बंद करायचा. फराळाला आलेल्या प्रत्येकाला हे ऐकल्याशिवाय लाडू मिळत नाही.

सोसायटीने त्यांना खुळ्यात काढलं होतं, जनरेटरचं प्रकरण होईपर्यंत. डिझेलचे ड्रम आले. हे बेसमेंटमध्ये हजर. आधी त्यांनी सगळ्यांना सांगितलं की जमिनीवरचं डिझेल पस्तीस अंशांच्या फ्लॅश पॉइंटलाही पास होतं, जहाजावर असलं पाहुणं मुख्य इंजिनाच्या दाराशीही उभं करत नाहीत, तेव्हा इथे सिगरेट विझवा. मग खिशातून एक ट्यूब काढली. पाणी शोधायचा सोनेरी लेप, जहाजावरून आणलेला. तो टेपला फासला आणि ड्रममध्ये सोडला.

“काका, पाणी कुठलं,” टेम्पोवाला म्हणाला. “एक नंबर माल आहे. मालकांनी सांगितलंय.”

“बघितलंस की ऐकलंस?”

टेप वर आली. खालचा दोन बोटं भाग लालभडक. पाण्याला लागला की तो लेप लाल होतो. ड्रम आले तसे परत गेले आणि दुसऱ्या दिवशी दुसरे आले, त्यांच्यासोबत पुरवठादार स्वतः आला. तेव्हापासून सोसायटीच्या जनरेटरची किल्ली त्यांच्या गळ्यात आहे. जानव्याशेजारी.

मध्यंतरी त्यांची रक्ततपासणी झाली. घरी आलेल्या मुलाला त्यांनी बाटलीचा सील नंबर विचारला आणि दुसरा नमुना आपल्याकडे ठेवता येईल का याची चौकशी केली. कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं. डॉक्टर म्हणाले, “आहारात तेल कमी करा.” यांनी विचारलं, “किती पीपीएम?” डॉक्टरांनी वहिनींकडे पाहिलं. आता महिन्याला दोन लिटरवर घर चालतं आणि रोज सकाळी बरणीचं साउंडिंग होतं. फरक इतकाच की टेप वहिनींच्या हातात असते, आणि साब ‘रात्री भजी मी खाल्ली नाहीत’ म्हणाले, तर कुठला प्रश्न येतो ते तुम्ही ओळखलंच असेल.

तुमच्या सोसायटीचा जनरेटर काळा धूर सोडत असेल किंवा डिझेलचा हिशेब लागत नसेल, तर कळवा. ते येतात, पैसे घेत नाहीत, टिपकागद आणि लेप स्वतःचा आणतात. फक्त चहा आधी पुढे करू नका, संशय येतो.